टाळेबंदीत ओझोन वाढला, म्हणून गाड्या निर्दोष ठरतात का?

पश्चिमवारा (मूळ लेख)

२०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने खाली आला, आणि तरीही देशातल्या अनेक शहरांत जमिनीलगतचा, श्वासाला घातक असा ओझोन उतरला नाही. काही ठिकाणी तर तो चढला. तेव्हापासून पुण्यात गाड्यांवरच्या निर्बंधांचा विषय निघाला की हेच उदाहरण पुढे केले जाते. त्यातून गाड्यांचा दोष नाही असा काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो.

ओझोन कोणत्याही गाडीच्या धुराच्या नळीतून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून ओझोन तयार होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन पुन्हा मोडतो. एवढेच घडत असते तर ओझोन साठलाच नसता. पण अर्धवट जळलेल्या इंधनातले आणि पेट्रोलच्या वाफेतले हायड्रोकार्बन या चक्रात शिरले की नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होते, त्यासाठी ओझोन खर्ची पडत नाही, आणि मार्च ते मे या महिन्यांच्या दुपारी त्याची पातळी वाढत जाते. गर्दीच्या चौकात ओझोन कमी भरतो, तो तिथली हवा चांगली असते म्हणून नव्हे, तर ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला जागीच मोडतो म्हणून. टाळेबंदीत हा मोडणारा वायू घटला, पण हायड्रोकार्बनचे इतर स्रोत आणि ऊन होते तसेच राहिले.

कोथरूडकर

रसायन मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड (वरचे दोन्ही वायू) घटवले तर शहराच्या मध्यभागी ओझोन वाढू शकतो, हे आपणच लिहिले आहे. भारत स्टेज ६ या गाड्यांच्या धुराच्या मानकात डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणली गेली आणि वाढलेली किंमत ग्राहकाने मोजली. माझ्या आईला दमा आहे. तिला मी असे सांगू का, की गाड्या स्वच्छ झाल्या म्हणून दुपारी खिडकी लावून बस? शिवाय हायड्रोकार्बन रंगाच्या थिनरमधून येतात, कचरा जाळल्यावर येतात, काही झाडेही ते सोडतात. प्रत्येक वेळी वाहनधारकालाच पकडायचे, हा न्याय नव्हे.

गॅरेजवाला

थिनर आणि कचरा यांवर बोलायलाच हवे, पण माझ्यासमोर रोज जे येते ते सांगतो. भारत स्टेज ६ च्या दुचाकींना टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो. एका गाडीची तक्रार फक्त पेट्रोलच्या वासाची होती. पाहिले तर आधीच्या दुरुस्तीत डब्याकडे जाणारी रबरी नळी काढून तशीच लोंबत ठेवलेली होती. ती गाडी पीयूसीत सहज पास झाली होती, कारण ती तपासणी धुराच्या नळीतून येणारा धूर पाहते, टाकीतून उडणारी वाफ नाही. पेट्रोल गाडीची तपासणी नायट्रोजनचे ऑक्साइडही मोजत नाही. कोथरूडकरांनी वाहनधारकावरच्या बोजाचा मुद्दा काढला. ही नळी परत बसवायला दोन मिनिटे पुरतात.

यवतकर

ही सगळी चर्चा शहराच्या मध्यभागापुरती चालली आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पुण्याची हवा हडपसर, उरुळी कांचन ओलांडून आमच्याकडे यवतला येते. वाटेत ताजा नायट्रिक ऑक्साइड संपत जातो, ऊन मात्र चालू असते. म्हणून शहराच्या वाऱ्याखालच्या भागात ओझोन अनेकदा शहरापेक्षा जास्त भरतो. पिकाच्या पानातली छिद्रे दिवसा उघडी असतात आणि ओझोन त्यांतूनच आत शिरतो. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. मोजणीची यंत्रे शहरात आणि नुकसान शिवारात, अशी ही विभागणी आहे.

कोथरूडकर

यवतकर, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो वजनदार आहे. तरीही घाई करून फक्त एकाच वायूवर नियम करू नयेत, हे माझे म्हणणे कायम आहे.

पश्चिमवारा

त्यावर आपले दुमत नाही. लॉस एंजेलिसने १९४३ मध्ये डोळे झोंबणारे धुके पाहिले, तेव्हा आधी कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर बोट ठेवले गेले. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि तेल उद्योगाची वाफ यांवर ऊन पडून ते धुके बनते. तिथेही नंतर रविवारी ट्रक कमी असताना ओझोन जास्त भरत असे, आणि कोथरूडकरांचाच युक्तिवाद तिथेही झाला. पण हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या दोन्हींवर दशकानुदशके एकत्र नियंत्रण ठेवल्यावर तिथले उच्चांक निम्म्याहून खाली आले, अजून मानकात बसत नसले तरी.

आपल्याकडे ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. ती पाळली जाते की नाही हे तपासायचे असेल तर पुढचे यंत्र चौकात न बसवता यवतच्या बाजूला बसवावे, आणि पीयूसी केंद्रावर टाकीचे झाकण व डब्याची नळीही पाहावी, अशी माझी मागणी आहे. गॅरेजवाले, त्या तपासणीला किती वेळ लागेल याचा अंदाज आपण इथे लिहाल का?