रात्री दहानंतरचं आपलं शहर : आवाजाचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा फक्त आवाजासाठी. डीजे, ड्रिल, हॉर्न, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, लोकलमधले मोबाइल, सगळं चालेल. त्रास झाला हे लिहाच, पण मग तुम्ही काय केलंत आणि त्याचं पुढे काय झालं, तेही लिहा. नव्याने वैतागलेल्या माणसाला उपयोग त्याचाच होतो. नाव नको, राहता तो भाग पुरे.

हाताशी असावं म्हणून थोडं: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सणांसाठी रात्री बारापर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं, पण वर्षाला १५ दिवसच.

घोडबंदर रोड, ठाणे
शेजारी टॉवर उभा राहतोय. स्लॅबचं काँक्रीट सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो, हे साइटवाल्यांचं म्हणणं खरं आहे. दिवसा अवजड गाड्यांना बंदी असते, म्हणून मिक्सरच्या गाड्या रात्री येतात, हेही खरं. पण ब्रेकरने जुना पाया फोडायचं काम रात्री साडेअकराला कशासाठी? २०१० च्या दुरुस्तीनंतर रहिवासी भागात रात्री असली यंत्रं चालवायला मनाईच आहे.

एकट्या सोसायटीच्या पत्राला उत्तरही आलं नव्हतं. मग आजूबाजूच्या तीन सोसायट्यांनी मिळून एकच पत्र लिहिलं, त्यात नियमाचं कलम टाकलं आणि प्रत पोलीस ठाण्यात दिली. त्याच आठवड्यात साइट इंजिनियर स्वतः भेटायला आला. आता स्लॅब असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी गेटवर सूचना लागते आणि फोडाफोडी दहाच्या आत बंद होते. गाड्यांचा रिव्हर्सचा भोंगा मात्र अजून आहे. लहान मुलं दचकून उठतात.

परळ
मी नर्स आहे, नाइट ड्युटी असते. तुम्ही सगळे रात्रीबद्दल लिहिताय, माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते. त्या वेळी टाइल कटर चालला तर कुठलाच नियम माझ्या बाजूने नाही. सोसायटीत दुपारी दोन ते चार काम बंद असतं, तेवढीच सलग झोप.

वरच्या घराचं काम निघालं तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन बसले आणि माझं ड्युटीचं वेळापत्रकच दिलं. काकूंनी ते मुकादमाला व्हॉट्सॲप केलं. माझ्या ड्युटीनंतरच्या सकाळी ते रंगकाम, वायरिंग असलं करायचे, तोडफोड इतर दिवशी. मला त्या काकूंचे आभार इथेही मानायचे आहेत. आमच्यासारखे वॉचमन, पोलीस, कॉल सेंटरवाले किती घरांत असतील! तुमच्या मजल्यावर कोण रात्रपाळी करतं, एवढं तरी माहीत करून घ्या.

बदलापूर
लोकलमध्ये सकाळी झोप काढायची असते. पूर्वी डब्यात भजनं व्हायची, टाळांचा आवाज काही कमी नव्हता. पण ती ठरलेल्या डब्यात ठरलेल्या गाडीला असायची. नको असेल त्याने पुढच्या डब्यात चढायचं. आता प्रत्येक सीटवर वेगळं रील. आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपने ठरवलंय, कुणी मोठ्याने लावलं की एकीने शांतपणे सांगायचं, ‘ताई, इअरफोन लावता का?’ बहुतेक जणी लगेच लावतात.

सदाशिव पेठ, पुणे
मी स्वतः ढोलपथकात वाजवते, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. डीजेला नावं ठेवून आपण मोकळे होतो, पण पन्नास ढोल आणि त्यावर ताशे एकत्र कडाडले की तेही मर्यादेच्या कितीतरी वर जातं. डेसिबलचं गणित साधं नाही: १० ने आकडा वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते.

नदीकाठी आमचा सराव मिरवणुकीच्या बऱ्याच आधीपासून चालतो. समोरच्या इमारतीतले आजोबा एकदा काठी टेकत आले. बायपास झालेली पत्नी घरात आहे, एवढंच म्हणाले. त्या वर्षापासून आम्ही साडेआठला थांबतो आणि तोंड नदीकडे करून वाजवतो. पथकातल्या शाळकरी मुलांना कानात बोळे सक्तीचे केलेत. वादनाचा आनंद काडीनेही कमी झालेला नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी
इथेही रात्रीची शांतता दहा ते सहाच. शिवाय रविवारी पूर्ण दिवस: ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायच्या नाहीत. घरी कार्यक्रम असेल तर जिन्यात आधी चिठ्ठी लावतात. आम्ही गणपतीच्या आरतीची लावली, तर खालचे आजी-आजोबा प्रसादाला आले. एक गोष्ट मला फार आवडते: पाळणाघर किंवा खेळाच्या मैदानावरून येणारा मुलांचा आवाज २०११ पासून इथल्या कायद्याने सहसा उपद्रव धरला जात नाही.

डोंबिवली पूर्व
फोन करायला लोक घाबरतात ते नावामुळे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. त्यानुसार तक्रारदाराची ओळख सांगायची सक्ती पोलिसांनी करायची नाही. मला ११२ वर नाव विचारलं, मी निकालाचा उल्लेख केला, पुढे आग्रह झाला नाही. गाडी आली, स्पीकर बंद झाला. गल्लीत माझं नाव कुणाला कळलं नाही, आणि वडिलांची झोप झाली.

नाशिक रोड
आमच्या मागे लॉन्स आहे, लग्नसराईत रोज बँड. मोबाइल ॲपवरचा आकडा ग्राह्य धरत नाहीत असं सांगतात. वरच्यांपैकी कुणी प्रमाणित ध्वनिमापकाने मोजणी करून घेतली आहे का? अर्ज कुणाकडे केलात, आणि माणूस रात्री आला का, तेवढं कृपया कळवा. पुढचा मुहूर्त जवळ आलाय.