खरी गोम वर्गातल्या गुणांत आहे

अनेकांचं म्हणणं असतं की बिझनेस स्कूलांनी प्रवेश सगळ्या देशांना खुले केले की समानता आलीच, पुढचे गुण ज्याचे त्याने मिळवावेत. गाडं नेमकं तिथेच अडतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचंच घ्या. तिथल्या दोन वर्षांच्या एमबीएचं दार स्त्रियांना उघडलं ते १९६३ मध्ये. पण दारातून आत गेल्यावर काय? एका तुकडीत सुमारे ९० जण, केसवरची (म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाच्या लेखी गोष्टीवरची) चर्चा ८० मिनिटांची आणि बऱ्याच विषयांत निम्मे गुण वर्गात बोलण्याचे. म्हणजे माणशी मिनिटभरसुद्धा नाही! त्यात प्राध्यापकाने हे गुण तासानंतर आठवून दिले, की मोठ्या आवाजाचा आणि सोप्या नावाचा तेवढा लक्षात राहतो. मनात इंग्रजी वाक्य जुळवण्यात ज्याचा हात उशिरा वर जातो, तो कोराच. म्हणून तिथे वर्गात लेखनिक बसवले, कोण काय बोललं ते टिपायला. तेवढा खर्च झेपत नसेल तर आसनांच्या तक्त्यावर प्रत्येक बोलण्याला एक रेघ मारा, प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद थांबा, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घ्या. आणि गट तुम्ही शिक्षकांनीच पाडा, नाहीतर जो तो आपल्या देशवाल्यांकडे सरकतो.

केसमधली पात्रंही बघा. २०१४ मध्ये तिथले तेव्हाचे डीन नितीन नोहरिया यांनी स्त्री मध्यवर्ती असलेल्या केसेस सुमारे ९ टक्क्यांवरून पाच वर्षांत २० टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं होतं. पण नुसतं जॉनचं मारिया करून भागत नाही; किंमत ठरवणं, कारखाना बंद करणं हे निर्णय तिच्या हातात हवेत.