करवत चालवताना धूळ ओढणाऱ्या नळीमुळे बसणारे झटके

प्रश्न: करवतीला व्हॅक्यूमची प्लास्टिकची नळी जोडून प्लायवूड कापताना, विशेषतः हवा कोरडी असली की, मनगटाला चटका बसतो आणि हातावरचे केस नळीकडे ओढले जातात. हा यंत्राचा दोष आहे का?

उत्तर १: बहुधा नाही. वेगाने जाणारा भुसा नळीला आतून घासत राहतो आणि प्लास्टिकवर साचलेला स्थिर विद्युतभार, दुसरी वाट नसल्यामुळे, आपल्या हातातून उतरतो. कार्बनमिश्रित अँटिस्टॅटिक नळी वापरावी. मात्र तिचे टोक व्हॅक्यूमच्या अर्थिंगशी जोडलेले नसेल, तर तो खर्च वाया जातो.

उत्तर २: सहमत. करवतीचा प्लग दोन पिनांचा असल्यास तिच्याकडून अर्थिंग मिळत नाही.

उत्तर ३: क्षणिक चटक्याऐवजी सलग मुंग्या येत असतील, तर वीजगळतीची शक्यता धरून प्लग लगेच काढावा आणि यंत्र तपासून घ्यावे.