जांभ्याच्या भिंतीला पुस्तकांचं उंच कपाट कसं बसवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरला जुनं घर आहे, भिंती जांभ्या चिऱ्याच्या. सात फुटी पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं करायचंय. नातू खण धरून वर चढू बघतो, आणि कोयनेचे हादरेही अधूनमधून जाणवतात. जड पुस्तकं खालच्या खणांत घेतली, पण तेवढ्यावर माझा भरवसा नाही.

अडचण भिंतीची. ड्रिल लावलं की चिरा भुसभुशीत होऊन भोक मोठं होतं, प्लास्टिकचा गट्टू नुसता फिरतो. जांभ्यात केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून त्यात बोल्ट पक्का बसवतात तो) कोणी वापरलाय का? की आडवी सागवानी पट्टी चार-पाच ठिकाणी भिंतीत ठोकून कपाट तिला एल-पट्टीने जोडावं? मला पट्टीच बरी वाटते, भार वाटला जातो. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, म्हणून ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घेणार आहे.

अनुभवी मंडळींनी कृपया सांगा, पावसाआधी काम उरकायचंय.