एक्सएमएल वाचताना ‘इनव्हॅलिड टोकन’, पण लाइनीत काहीच दिसत नाही

सप्लायरची एक्सएमएल (टॅग लावलेल्या डेटाची) फाइल रोज पायथॉनच्या एलिमेंटट्री लायब्ररीने वाचतो, काल अचानक पार्सर (फाइल वाचणारा भाग) आडवा पडला, ती लाइन एडिटरमध्ये उघडली तर सगळं ठीकच दिसतंय, डोकं फिरलंय.

> दिसणार नाहीच, कंट्रोल कॅरेक्टर (स्क्रीनवर न दिसणारं कॅरेक्टर) असेल. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या कॅरेक्टर कोडपैकी फक्त ९, १० आणि १३ चालतात. कोणीतरी वर्डमधून डिस्क्रिप्शन पेस्ट केलं असणार, तिथला शिफ्ट-एंटर बऱ्याचदा ११ होऊन येतो.

> > हो, ११च निघाला! अँपरसँड-हॅश लावून एस्केप केला (थेट न टाकता त्याचा नंबर लिहिला) तर?

> नाही चालत राव, १.० मध्ये तेही बाद. पार्सच्या आधी असले कॅरेक्टर रेजेक्सने (पॅटर्नने शोधून) काढ, पण ११ च्या जागी स्पेस टाक, नाहीतर दोन शब्द चिकटतात (आमच्याकडे ‘लालमोठा’ शर्ट विकायला होता). आणि हो, आधी डिकोड (बाइट्सचं टेक्स्ट कर), मग रेजेक्स.