आयोडीनचं द्रावण शुद्ध असलं म्हणजे रोज पोटात घ्यावं का?

मानसी_क
माझी मावशी थकव्यासाठी रोज ल्युगोल द्रावणाचे चार थेंब घेते, हे परवा कळलं. बाटलीवर शुद्धतेचा दावा ठळक छापलाय, मात्रेबद्दल अवाक्षर नाही. ल्युगोल म्हणजे पाण्यात ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड. एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम आयोडीन जातं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका थेंबात चाळीस दिवसांचं आयोडीन. असं असताना सगळे शुद्धतेवरच का बोलतात?

सागरलाट
मानसीताई, एवढं घाबरू नका. हे औषध १८२९ पासून आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरच देतात. मी दोन वर्षं दोन थेंब घेतोय, अंगात तरतरी आहे. हातावर आयोडीन लावून पाहिलं तर डाग पाच तासांत गेला, म्हणजे कमतरता होतीच ना? बाटलीबंद मालावर माझा विश्वास नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं आयोडीन आणून घरीच बनवतो.

तराजू
औषधांच्या गुणवत्ता तपासणीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शस्त्रक्रियेचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं, सागरलाट. तिथे आयोडीन जेमतेम आठ-दहा दिवस देतात, तेही ग्रंथीचा रक्तपुरवठा आणि संप्रेरक कमी व्हावं म्हणून. आयोडीन एकदम जास्त झालं की ग्रंथी काम आवरतं घेते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये दाखवलं. बहुतेकांची ग्रंथी काही दिवसांत सावरते, काहींची सावरत नाही. थायरॉइडमध्ये गाठी असलेल्यांमध्ये उलट होतं, ग्रंथी बेफाम चालते आणि छातीत धडधड सुरू होते.

डागाचं म्हणाल तर आयोडीन हवेत उडून जातं आणि त्वचेत त्याचं रंगहीन आयोडाइड होतं. डाग गेला यावरून शरीरातलं आयोडीन कळत नाही.

आता शुद्धता. प्रयोगशाळेच्या बाटलीवरचा आकडा आत आयोडीन किती ते सांगतो. उरलेलं काय आहे, ते पोटात जाणार या हिशेबाने कुणी तपासलेलं नसतं. शिवाय आयोडीन नुसत्या पाण्यात फारसं विरघळत नाही. आयोडाइड कमी पडलं तर कण तळाशी राहतात, आणि मग थेंबात नक्की किती जातंय हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

सागरलाट
डागाचं पटलं. पण कमतरता खोटी नाही, गलगंड त्यानेच होतो. मला बरं वाटतंय, ते काय उगाच?

मानसी_क
कमतरता खरीच, दादा, म्हणून तर मिठात आयोडीन घालतात. पण ते मायक्रोग्रॅममध्ये. गरोदर बाईने असे थेंब घेतले तर पोटातल्या बाळाच्या ग्रंथीवर परिणाम होऊ शकतो, हे वाचल्यापासून मला झोप नाही. मावशीच्या सुनेला सातवा महिना आहे आणि बाटली एकाच घरात आहे.

निशिगंध
जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीनही पाण्यातून पिणारे पाहिलेत मी. ते फक्त बाहेरून लावायचं असतं हो!

सागरलाट
टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, करून घेतो. थेंब बंद करायला मात्र मन अजून तयार नाही.

तराजू
रक्त द्यायला जाल तेव्हा किती थेंब, किती दिवस घेताय ते डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर ग्रंथी बिघडलेली दिसेल आणि कारण कुणालाच सापडणार नाही. मानसी, सुनेचीही तपासणी याच आठवड्यात करा.