टीव्हीवरचे जुने गेम: कॅसेटचा सेट, स्टिक की मिनी कन्सोल?

सुदामानगर_इंदूर
नमस्कार मंडळी. टीव्ही ४३ इंची एलईडी आहे. दोन एचडीएमआय, आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या भोकांऐवजी ‘एव्ही’ लिहिलेलं एकच बारीक भोक. मारिओ आणि कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचंय. जेल रोडवर कॅसेटचा ८-बिट सेट बघितला, एचडीएमआयमध्ये खोचायची दहा हजार गेमांची स्टिकही बघितली. निन्टेन्डोचा मिनी कन्सोल, म्हणजे जुन्या मशीनची आत गेम भरलेली छोटी आवृत्ती, बाहेरून मागवावा लागेल. काय घ्यावं?

पिवळीपिन
गेमांच्या आकड्यावर जाऊ नका, आधी टीव्हीच्या मागे बघा. त्या बारीक भोकाला ३.५ मिमीची चार कप्प्यांची पिन लागते, आणि कप्प्यांचा क्रम टीव्हीप्रमाणे बदलतो. टीव्हीसोबत आलेली केबल असेल तर तीच वापरा. दुसरी लावल्यावर नुसता खरखराट आला तर सेटची पिवळी पिन केबलच्या लाल किंवा पांढऱ्या टोकात घालून बघा, बहुधा तिथे चित्र सापडतं. चित्र काळं-पांढरं दिसलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम (रंगीत सिग्नलची पद्धत) पाल आणि एनटीएससी अशी बदलून बघायची.

तरीही एलईडीवर कॅसेटचा सेट मी सुचवणार नाही. मूळ ८-बिट मशीन एका आडव्या ओळीत ८ पेक्षा जास्त स्प्राइट (माणूस, गोळी अशी हलणारी छोटी चित्रं) दाखवू शकत नाही, म्हणून गेम ते आळीपाळीने लपवतो. जुन्या डब्बा टीव्हीवर ते नुसतं लुकलुकतं. नवा टीव्ही तोच सिग्नल इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचा, समजून दोन फ्रेम एकमेकांत मिसळतो, मग गोळ्या अर्धवट दिसतात किंवा गायबच होतात. शिवाय बटण दाबलेलं पडद्यावर उशिरा दिसतं. बदकं मारायची बंदूक तर चालणारच नाही. ट्रिगर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन निशाण्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. एलईडीवर तो उशिरा येतो.

सोल्डरताई
पिवळीपिन यांच्याशी सहमत. एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी घ्यायचा विचार आलाच तर दिशा नीट वाचा. उलट्या दिशेची डबी दिसायला हुबेहूब तशीच असते.

स्टिकमध्ये पहिली दगा देणारी वस्तू म्हणजे मायक्रोएसडी कार्ड. आणल्या दिवशीच कॉम्प्युटरवर त्याची पूर्ण इमेज (अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी एका फाइलमधली नक्कल) काढा. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर स्टिक त्यावरून सुरू होईलच असं नाही. कार्ड गेलं की तीच इमेज चांगल्या कंपनीच्या, तेवढ्याच किंवा मोठ्या कार्डावर उतरवायची. वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. तिथे बऱ्याचदा ०.५ अँपिअरच मिळतात आणि स्टिक मधेच रीस्टार्ट होते. ५ व्होल्ट, निदान १ अँपिअरचा मोबाइल चार्जर लावा. पॅड अडखळत असेल तर स्टिक एचडीएमआय एक्स्टेंशनने टीव्हीच्या पाठीमागून बाहेर काढा. पत्र्यामागे २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दबतो. आणि त्या दहा हजारांत एकच गेम चार-चार नावांनी असतो.

सुदामानगर_इंदूर
म्हणजे मिनी कन्सोलच? त्यात कॉन्ट्रा आहे का?

सोल्डरताई
हे नीट बघून घ्या. २०१६ च्या एनईएस क्लासिकमध्ये (निन्टेन्डोच्या ८-बिट मशीनचा मिनी कन्सोल) ३० गेम आहेत. मारिओचे तिन्ही भाग आहेत, पण कॉन्ट्राऐवजी त्याचा पुढचा भाग ‘सुपर सी’. पॅड एकच येतो आणि वायर जेमतेम हातभर, म्हणजे दुसरा पॅड आणि एक्स्टेंशन धरूनच हिशोब करा. २०१७ च्या एसएनईएस क्लासिकमध्ये (त्यानंतरच्या १६-बिट मशीनचा मिनी कन्सोल) गेम २१, पण पॅड दोन, वायर लांब, आणि ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ व ‘कॉन्ट्रा ३’ दोन्ही. दोघांसाठी मला हाच योग्य वाटतो. सोनीचा मिनी कन्सोल, प्लेस्टेशन क्लासिक, ‘टेकन ३’ या मारामारीच्या गेमसाठी घेऊ नका. त्यात या गेमची ५० हर्ट्झची (सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रांची) पाल आवृत्ती आहे, हालचाल जड वाटते.

मूळ कॉन्ट्राच हवा असेल तर मात्र स्टिक, कार्डाची इमेज काढूनच.

पिवळीपिन
काहीही घ्या, एचडीएमआयवर टीव्हीचा गेम मोड (चित्राला होणारा उशीर कमी करणारं सेटिंग) चालू करा. तो बहुतेक टीव्हींत प्रत्येक पोर्टसाठी वेगळा असतो, म्हणून सेट लावलेल्या पोर्टवर जाऊनच करायचा. चित्राचा आकार ४:३ ठेवा, नाहीतर मारिओ आडवा फुगतो.

सुदामानगर_इंदूर
एसएनईएस क्लासिक बघतो. चार्जर सोबत येतो का?

सोल्डरताई
ते कोणत्या देशातला डबा आहे त्यावर अवलंबून. घरातला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चालतो. पॅडचा फोटो मात्र मागवून घ्या, नकली डबेही मिळतात.